कोनाड्यातली वाटी

आमच्या दाराच्या उजव्या अंगाला, जिथे आम्ही चपला काढतो त्याच्या वर, भिंतीत एक कोनाडा आहे. घर बांधताना गवंड्यानं तो कशासाठी ठेवला ते मला माहीत नाही. बहुतेक पणतीसाठी असावा. पण आमच्या कोनाड्यात पणती कधी टिकली नाही. तिथं माझ्या बायकोची वाटी असायची. स्टीलची, काठाला जरा चेपलेली, वर झाकणी. आणि वाटीत चमचा-दोन चमचे दही, विरजणापुरतं.

दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही, असा आमच्याकडं रिवाज आहे. ताक नाही, मीठ नाही, सुईसुद्धा नाही. दिलं तर घरातली लक्ष्मी त्याच्यासंगं चालती होते म्हणतात. मी एसटीचा ड्रायव्हर होतो. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो, आणि मांजर आडवं गेलं की गाडी हळू करायचो.

पण या रिवाजात एक अडचण आहे. धार काढायची संध्याकाळी. दूध तापवायचं, ते कोमट होईपर्यंत थांबायचं, मग विरजण लावायचं. म्हणजे विरजण घरात नाही हे बाईच्या ध्यानात येतं ते नेमकं दिवे लागल्यावर, आणि तेव्हा तर कुणी देत नाही. आमच्या उत्रोलीत पूर्वी दारोदार म्हशी होत्या. रोज कुणाचं ना कुणाचं अडायचं.

बायकोनं यावर आपली तोड काढली होती. दिवे लागायच्या आत ती वाटीत थोडं दही घालायची, झाकणी ठेवायची आणि वाटी कोनाड्यात ठेवून आत यायची. ज्याला लागेल त्यानं न्यावं. सकाळी वाटी धुतलेली परत यायची. रिकामी परत करायची नाही म्हणून कुणी तिच्यात हिरवी मिरची टाकायचं, कुणी चार शेंगा, कुणी नुसतं जास्वंदाचं फूल.

"हे रिवाज मोडल्यातच जमा हाय," मी एकदा तिला डिवचलं.

"द्यायचं न्हाई म्हंत्यात. ठिवायचं न्हाई असं कुणी म्हणलंय का?" ती म्हणाली.

कोण नेतं ते बघायला मी खिडकीशी गेलो, तर तिनं पडदा ओढून घेतला. "बघायचं न्हाई. बघितलं की ते दिल्यागत हुतं. आन् नेणाऱ्यालाबी लाजल्यागत हुतं. तुमी टीव्ही बघा." मी टीव्ही बघितला. आमच्या घरात माझा आवाज मोठा होता, पण असल्या बाबतीत तिचं चालायचं.

त्या दह्याशी माझी ओळख तिच्याआधीची आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडं मुक्कामाची गाडी होती. भोरहून संध्याकाळी निघायची, नसरापूरवरून वळून वेल्ह्याच्या डोंगरात शिरायची आणि रस्ता संपायचा त्या गावात रात्रभर थांबायची. सकाळी तीच गाडी शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या आणि बाजाराला निघालेल्या बाया घेऊन परत. मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावातलं एखादं घर बघतं. आमचं बघणारं घर देवळाशेजारी होतं. तिथं नाचणीच्या भाकरीबरोबर दही वाढायचे. कवडीचं दही, वाटी कलती केली तरी हलायचं नाही.

"दही कुणी लावलं?" मी एकदा मोठ्यानं विचारलं. कंडक्टर माझ्याकडं बघून हसला. आत बांगड्या वाजल्या. पुढच्या मुक्कामाला माझ्या पानातली दह्याची वाटी मोठी होती, कंडक्टरची तेवढीच. लग्नाआधी आमचं झालेलं बोलणं एवढंच.

लग्न होऊन ती सासरी आली तीही एसटीनंच. माझाच एक दोस्त गाडी चालवत होता आणि मुद्दाम खड्ड्यांतून नेत होता. तिच्या मांडीवर एक कडीचा डबा. दागिन्यांची पिशवी तिनं माझ्या आईकडं दिली होती, पण तो डबा कुणाच्या हाती देईना. गाडी उसळली की दोन्ही हातांनी डबा धरायची. शेजारी नवा नवरा बसलाय, त्याला धरावं, तर नाही.

"काय हाय त्यात एवढं?" मी विचारलं.

"दही."

"आमच्याकडं दही न्हाई व्हय?"

"आसंल की," ती खाली बघत म्हणाली. "पर ह्ये माझ्या आईचंय."

माझ्या आईचं दही तारेचं व्हायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बोलायची कुणाची छाती नव्हती. बायकोही बोलली नाही. तिनं दोन भांड्यांत दोन दही लावायला सुरुवात केली. आईच्या पानात आईचं, माझ्या पानात तिचं. कुणी कुणाला उणं बोललं नाही. मग कधीतरी आईनंच आपलं विरजण बंद केलं आणि सुनेच्या भांड्यातलं दही मागून घेऊ लागली. पुढं आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटपर्यंत तिच्या पोटात टिकलं ते याच दह्याचं पातळ ताक. बायको तिला चमच्यानं पाजायची, आणि मधे मधे गावातल्या बातम्या सांगायची, म्हणजे म्हातारीला आपल्याला कुणी भरवतंय असं वाटू नये.

तिचं सगळंच तसं होतं. मी ड्युटीवरून आलो की पिशवी कशी ठेवतो त्यावरून तिला माझा दिवस कळायचा. नीट टेकवली तर लगेच ताक. आपटली तर आधी पाणी, जरा वेळानं ताक, आणि तोवर कुणी माझ्याशी बोलायचं नाही, पोरानंसुद्धा. मी चिडका माणूस. गाडीत मी सगळ्या प्रवाशांवर ओरडलोय, फक्त आडवाटेला कुणाला खाली उतरवलं नाही. घरी मात्र ओरडायला कारणच सापडायचं नाही. मोरीशी टॉवेल असायचा. सदऱ्याचं तुटलेलं बटण मला आठवायच्या आत लागलेलं असायचं. सून आली, ती सारोळ्याला हायवेवरच्या एका ऑफिसात नोकरी करते. सकाळी तिची धांदल. तिनं कधी डबा मागितला नाही आणि उचललाही नाही, तो स्कूटरच्या डिकीत असायचाच. सून पहिल्या दिवशी ऑफिसात डिकी उघडून रडली होती, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

मला तेव्हा याचं काही विशेष वाटायचं नाही. घर असंच चालतं, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या साली भातं कापून झाली, मळणी झाली, पेंढा रचला. त्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवणं उरकल्यावर ती म्हणाली, जरा पडते. ती कधी दुपारी पडायची नाही. मी ओट्यावर भाताची पोती शिवत होतो. चहाच्या वेळेला आत गेलो तर ती कुशीवर झोपल्यासारखी होती, हात गालाखाली. चेहऱ्यावर दुखल्याखुपल्याचं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. माझ्या बायकोनं जातानाही कुणाकडं पाणी मागितलं नाही.

सुतकात घर आपलं राहत नाही. भावकी आली, शेजारणी आल्या. चूल बंद, जेवण बाहेरून. धार पोरगा काढायचा आणि दूध रेडकाला पाजायचा. दहाव्याला सगळ्या बायांनी मिळून घर धुऊन काढलं. साठवलेलं पाणी ओतलं, अंथरुणं-पांघरुणं धुतली, फळीवरचं भांडं न् भांडं अंगणात आणून घासलं. समोरच्या घरातली बाई यात सगळ्यांत पुढं होती. तिचं माहेर माझ्या बायकोच्याच खोऱ्यातलं, म्हणून ती बायकोला आक्का म्हणायची आणि मला दाजी. ती रडत होती आणि घासत होती. तिच्या हाताखाली भांडी नव्यासारखी निघाली.

तेराव्यानंतर पाव्हणे पांगले. समोरची बाईही लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तिची गाय दिरानं नेली, दाराला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी सुनेनं पहिल्यांदा दूध तापवलं आणि फळीवरून दह्याचा कडीचा डबा काढला. तोच, मांडीवरून आलेला. डबा आरशासारखा लखलखीत होता आणि आत काही नव्हतं.

"मामा," सून म्हणाली. सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात आमच्याकडं. तिनं डबा माझ्यापुढं धरला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या दह्यात कालचं दही, कालच्यात परवाचं, असं मागं मागं जात ती नवरी होऊन आली त्या दिवसापर्यंत जायचं, आणि त्याच्याही मागं तिच्या आईच्या चुलीपर्यंत, ते आम्ही घासून मोरीत सोडून दिलं होतं. कुणाची चूक म्हणायची? सुतक फिटलं की भांडी घासायचीच असतात. बायांनी मायेनं घासली होती. पण बायकोच्या हातची एवढी एकच गोष्ट घरात जिवंत राहिली असती, आणि ती गेली. फोटो आहे भिंतीवर, पण फोटोला काय करायचं?

सुनेनं ते मनाला लावून घेतलं. म्हणाली, मी बाजूला काढून ठेवायला पाहिजे होतं, आत्यांनी एवढं शिकवलं मला. तिनं भोरहून पिशवीतलं दही आणून विरजण लावलं. दही झालं. दिसायला दह्यासारखं. मी एक घोट ताक घेतलं आणि पेला पुढं सारला, तो जरा जोरात सारला गेला. मग ती कामथडीला, तिच्या माहेरी जाऊन आली. तिकडचं दही चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "चांगलंय." ज्या आवाजात म्हणालो त्यावरून तिला कळायचं ते कळलं. त्यानंतर ती माझ्या पानात दही वाढायची, पण मी खातो की नाही ते बघायची नाही. घरात कुणी भांडत नव्हतं, तरी दोघंही एकमेकांना चुकवत होतो. पोरगा मधे बसून पटापट जेवायचा आणि उठायचा.

कोनाड्यातली वाटी तिथंच पालथी पडून होती. आत आणायचा कुणाला धीर होईना.

शेवटी शिमग्याच्या आधी मी तो कडीचा डबा पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता वेल्ह्याची गाडी धरली. सासुरवाडीचं घर तिथंच आहे, देवळाशेजारी. वाटीतलं विरजण कोण न्यायचं ते मी कधी बघितलं नव्हतं, मग गल्लीत विचारू कुणाला? मूळ तिथलं, तर तिथं मिळेल, असा माझा हिशोब. खिडकीशी बसून सगळा रस्ता ओळखीचा जात होता. कुठं गिअर टाकायचा, कुठं हॉर्न द्यायचा, पाय आपोआप दाबला जात होता. ड्रायव्हर नवा होता, वळणावर उशिरा ब्रेक मारत होता. मी बोललो नाही. स्वतःचंच मला नवल वाटलं.

घरात मेहुण्याची बायको होती. तिनं पाणी दिलं, डोळ्यांना पदर लावला, जेवायचा आग्रह केला. मी डबा बाहेर काढला तशी तिची मान खाली गेली. "दाजी, जनावरं कवाच इकली. पोरं पुण्याला, हितं आमी दोगंच. दूध डेअरीतनं आणतो चहापुरतं. दही कुणाला लावायचं?" तिनं जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी होती. पानात दह्याची वाटी नव्हती, आणि त्या माउलीला त्याचीच लाज वाटत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी दोन भाकरी खाल्ल्या.

परत येताना मनात म्हणालो, संपलं आता. ती गेली हे मला दहाव्याला कळलं नव्हतं तेवढं त्या गाडीत कळलं.

उत्रोलीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. गल्लीत शिरलो तर समोरच्या बाईच्या घरात उजेड. दार उघडं. म्हणजे ती पुण्याहून आली होती. तिची गाय होती, म्हणजे वाटीतलं दही कधीतरी तिनंही नेलं असणार. मी घरी न जाता तसाच तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

"दाजी! या की, बसा. कवा आलात, कुठनं आलात?"

"येल्ह्याकडनं." मी बसलो नाही. लेकीची विचारपूस केली, नातू की नात ते विचारलं, गाय कधी आणणार ते विचारलं. जे विचारायला आलो होतो ते तोंडातून निघेना. तेव्हा मला एक कळलं. मला मागता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून घरात मला काही मागावंच लागलं नव्हतं. तिनं कधी त्या शब्दापर्यंत येऊच दिलं नाही. म्हातारपणी परक्या उंबऱ्यावर उभं राहून मी पोरासारखा शब्द जुळवत होतो.

"तुझ्याकडं," मी म्हणालो, "आक्काचं इरजण हाय का गं?"

"हाय की. माझ्याकडं दुसरं कुठलं आसनार? पुण्याला जाताना संगं न्हेलं हुतं. लेकीकडं समदं पिशवीतलं. मला न्हाई चालत."

मी पिशवीतून डबा काढला. डबा पुढं केला तर तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आता न्हाई, दाजी. दिवं लागलं."

मग मात्र माझा पारा चढला. "अगं, दिवसभर हिंडतोय मी! येल्ह्याला जाऊन आलो! आन् तू मला दिवं सांगतीस?"

ती हलली नाही. "आक्कानं मला कवा दिवं लागल्यावर हातात दिलं का? सांगा."

"न्हाई."

"मग मी कशी दिऊ? घरी जावा, हातपाय धुवा." मी तणतणत वळलो. अंगण ओलांडत होतो तेव्हा तिनं मागून आवाज दिला. "आन् दाजी, आत जाताना कोनाड्यात बगा. कुणी ठिवलं ते इचारू नका."

वाटी सरळ होती. वर झाकणी होती. झाकणी उचलली तर आत कवडीचं दही, दोन चमचे. मी वाटी कलती केली. दही हललं नाही.

मी तिथंच चपलांशेजारी बसलो आणि रडलो. दहाव्याला नव्हतो रडलो, भावकीनं नावं ठेवली असतील. सून आवाज ऐकून बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या वाटीकडं. वाटी घेतली आणि आत जाऊन दूध तापत ठेवलं. मी तिच्यामागं आत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. दूध निवत आलं तसं तिनं त्यात करंगळी बुडवली, थांबली, परत बुडवली. "आत्या म्हणायच्या, बोटाला सोसलं की दह्याला सोसतं," ती म्हणाली. बायको जाऊन इतके दिवस झाले, त्यात पहिल्यांदा आम्ही दोघं तिच्याविषयी मोकळेपणानं बोलत होतो.

सकाळी समोरची बाई येऊन ओट्यावर बसली. दुपारच्या गाडीनं आले, म्हणाली, आणि तुमच्या कोनाड्यात वाटी पालथी बघितली, तवाच माझ्या काळजात चर्र झालं, त्यो डबा म्याच घासला हुता. माझ्या हातात ताकाचा पेला होता. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती, माझ्याकडं न बघता.

मी प्यालो. तेच होतं. काय सांगू, तेच होतं. मुक्कामाच्या गावातलं, ड्युटीवरून आल्यावरचं, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांतलं. पेला रिकामा झाला. सुनेनं काही विचारलं नाही, आणि मला दिसलं की आता ती विचारणार नाही, मीच बोललं पाहिजे.

"अजून दे," मी म्हणालो.

ती आत पळाली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा पेला काठोकाठ भरला होता आणि तिचा चेहरा धुतलेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून यायच्या आधी मीच वाटी काढली. गल्लीत आता जनावरं फारशी राहिली नाहीत. वाटी कुणी नेईल की नाही, मला खात्री नव्हती. सूर्य कलला तशी मी तिच्यात दही घातलं, झाकणी ठेवली, वाटी कोनाड्यात ठेवली आणि आत येऊन बसलो. सून आली, तिनं देवापुढं दिवा लावला. जरा वेळानं दाराशी चपला वाजल्या, झाकणीचा बारीक आवाज आला. खिडकी माझ्या हाताशी होती. बघावंसं फार वाटलं. मी पडदा ओढून घेतला आणि टीव्ही लावला.